पेटीतला आंबा कोणत्या बागेतला?

अमेरिकेतील वॉलमार्ट या दुकान-साखळीचे अन्नसुरक्षा-प्रमुख फ्रँक यिआनस यांनी २०१६ साली आपल्या सहकाऱ्यांपुढे आंब्याच्या कापलेल्या फोडींचे एक पाकीट ठेवले, आणि हा आंबा कोणत्या बागेतून आला ते शोधून काढण्यास सांगितले. दूरध्वनी झाले, पत्रे गेली, वखारींतील कागद चाळले गेले. उत्तर मिळण्यास सहा दिवस, अठरा तास आणि सव्वीस मिनिटे लागली. पुढे याच आंब्याच्या प्रवासाची प्रत्येक पायरी संगणकावरील एका सामायिक नोंदवहीत लिहिण्याचा प्रयोग झाला, तेव्हा त्याच प्रश्नाचे उत्तर २.२ सेकंदांत मिळाले.

आपल्याकडे आंब्याच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा चवीपोटी विचारला जातो. पेटीवर देवगडचे नाव असले म्हणजे आतला आंबा देवगडचाच असतो असे नाही, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक आहे. परंतु कधी कधी हा प्रश्न जिवावरचा होतो. २००६ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेत पिशवीबंद कोवळ्या पालकातून ई. कोलाय जातीच्या एका घातक जंतूचा फैलाव झाला. १९९ जणांना बाधा झाली. त्यांपैकी तिघे दगावले. पालक नेमका कोणत्या शेतातला, हे प्रारंभी कोणासच सांगता येईना. मग शासनास एकच मार्ग उरला : ताजा पालक कोणीही खाऊ नये, असे साऱ्या देशास सांगणे. पुढील तपासात हा दोष एका कारखान्यात एकाच दिवशी भरलेल्या पिशव्यांपर्यंत आणि तेथून कॅलिफोर्नियातील सान बेनितो परगण्याच्या एका शेतापर्यंत जाऊन पोहोचला. तोवर ज्यांच्या शेताचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा शेतकऱ्यांचाही पालक नांगराखाली गेला होता. माग काढण्यास लागणाऱ्या वेळाची किंमत अशी दोन ठिकाणी मोजावी लागते. आजाऱ्याच्या खाटेवर आणि निरपराध शेतकऱ्याच्या बांधावर.

आता वाचकांच्या मनात साहजिकच शंका येईल की, प्रत्येक पाकिटावर बारकोडाच्या काळ्या रेघा असतात, मग अडचण कसली? १९७४ च्या जून महिन्यात अमेरिकेतील ओहायो राज्यात च्युइंगगमचे एक पाकीट प्रथम बारकोडावरून विकले गेले, आणि तेव्हापासून या रेघांनी जग व्यापले. परंतु त्यांच्या दोन मर्यादा आहेत. पहिली ही की, साधा बारकोड मालाचा प्रकार सांगतो, व्यक्ती सांगत नाही. एकाच कारखान्याच्या बिस्किटांच्या हजार पुड्यांवर त्याच रेघा असतात. दुसरी अशी की, त्या वाचण्यासाठी प्रकाशाचा किरण त्यांवर पडावा लागतो. म्हणजे माणसाने प्रत्येक पेटी हाती घेऊन वळवली पाहिजे. मोठ्या वखारीत दिवसाकाठी हजारो पेट्या येतात-जातात, तेथे हे काम टळते, आणि जे काम टळते त्याची नोंद अंदाजाने होते.

येथे रेडिओलहरी उपयोगी पडतात. ‘टॅग’ या शब्दास मराठीत काय म्हणावे, याचा प्रस्तुत अनुवादकाने काही काळ विचार केला. गुरांच्या कानातील पिवळ्या पट्टीस खेडोपाडी ‘बिल्ला’ म्हणतात, तो शब्द जनावरांपुरता ठेवला आहे. पेटीवर चिकटवावयाच्या कागदी तुकड्यास ‘चिठ्ठी’ म्हटले आहे.

ही चिठ्ठी पाहावयास अगदी सामान्य असते. कागदाच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची नागमोडी पट्टी, हीच तिची आकाशक, म्हणजे अँटेना. आणि मध्यभागी मोहरीच्या दाण्याहूनही लहान चिप. बॅटरी नाही. मग ती बोलते कशाच्या बळावर? काळोख्या रात्री रस्त्यावरील मांजराचे डोळे मोटारीच्या दिव्याने चमकतात. तो प्रकाश मांजराचा नसतो, दिव्याचाच परत आलेला असतो. तसेच येथे घडते. वाचक-यंत्र रेडिओलहरी सोडते. त्यांतील अत्यल्प ऊर्जा चिठ्ठीची आकाशक टिपते व तेवढ्यावर चिप जागी होते. तिला एका वॅटच्या लाखाव्या भागाइतकी शक्तीही पुरते. जागी झालेली चिप आकाशकाचा विद्युत्-गुण क्षणोक्षणी बदलते, त्यामुळे परत फिरणारी लहर कधी सबळ, कधी दुर्बळ होते. या सबळ-दुर्बळाच्या क्रमातच चिठ्ठीचा क्रमांक असतो. चिठ्ठी स्वतः काही प्रक्षेपित करीत नाही. ती केवळ प्रतिध्वनीस मुरड घालते.

ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली परावर्तित शक्तीने संदेशवहन करण्याविषयीच्या आपल्या निबंधात मांडली. गंमत अशी की, तिचा एक चुलतभाऊ त्याआधीच गुप्तपणे कामास लागला होता. १९४५ साली मॉस्कोतील अमेरिकन राजदूतास सोव्हिएट मुलांनी लाकडात कोरलेली एक राजमुद्रा भेट दिली. तीत लेव तेरमेन यांनी घडविलेले, बॅटरीविना चालणारे एक श्रवणयंत्र दडविलेले होते. बाहेरून रेडिओलहरींचा झोत टाकला की खोलीतील बोलणे परतणाऱ्या लहरीवर उमटे. ही मुद्रा सात वर्षे भिंतीवर निर्धास्त टांगलेली होती!

चिठ्ठीच्या क्रमांकात साधारणतः शहाण्णव द्विमान अंक असतात. त्यांतून होणाऱ्या निरनिराळ्या क्रमांकांची संख्या ७९ वर सत्तावीस शून्ये इतकी भरते. तेव्हा जगातील प्रत्येक पाकिटास स्वतंत्र क्रमांक देऊनही क्रमांक सरणार नाहीत. आपल्या देशात या कामासाठी २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना खुला करण्यात आला. या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. पथकर-नाक्यावर मोटारीच्या काचेवरील फास्टॅग ज्या तत्त्वाने वाचला जातो, ते हेच.

शंभर पेट्यांची थप्पी एकदम दारातून गेली तर शंभर चिठ्ठ्या एकाच वेळी ओरडतील, आणि कोणाचेच काही ऐकू येणार नाही. त्यावरील तोड मोठी साधी आहे. वाचक-यंत्र प्रथम एक मर्यादा सांगते. प्रत्येक चिठ्ठी त्या मर्यादेतील एक आकडा मनात धरते. यंत्र पुकारा करीत जाते, तसतसा प्रत्येकीचा आकडा एकेकाने उतरतो. ज्या चिठ्ठीचा शून्यावर येतो तीच बोलते. दोघींचे आकडे सारखे निघाले तर त्या गप्प राहून पुढच्या फेरीची वाट पाहतात. फार टकरी होऊ लागल्या की यंत्र मर्यादा वाढविते. या युक्तीचे मूळ हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी बेटाबेटांमधील संगणक रेडिओने जोडले, त्या १९७१ सालच्या प्रयोगात आहे. वर्गातील मुलांना हे चिठ्ठ्यांना कळते इतके सहजी कळत नाही, हे शिक्षकांस निराळे सांगावयास नको.

येथवर सारे सोपे वाटते. परंतु अन्नाचा संबंध आला की पाणी आडवे येते. कपड्यांच्या दुकानात ही चिठ्ठी झपाट्याने रुळली, याचे कारण कापड कोरडे असते. दुधाची पिशवी, मासळीची पाटी, टोमॅटोची क्रेट, हे बहुतांशी पाणीच. या कंप्रतेच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, धातूच्या डब्यावरून उलट फिरतात. आणि आकाशक ओल्या वस्तूस चिकटली की तिचा सूरच बिघडतो. चिठ्ठी पेटीच्या मधोमध असेल तर ती मुकी होते. म्हणून ती बाहेरच्या बाजूस, मालापासून काही अंतर राहील अशी लावतात.

कंप्रता बरीच खाली आणली तर पाण्याचा अडसर मावळतो. मात्र वाचण्याचे अंतर हातभर उरते. जनावरांसाठी नेमके हेच पत्करले आहे. त्यांच्या बिल्ल्यांची आंतरराष्ट्रीय कंप्रता १३४.२ किलोहर्ट्झ असून मांसातून वा चिखलातूनही ती वाचता येते. आफ्रिकेतील बोट्स्वाना या देशास युरोपात गोमांस पाठवावयाचे होते व युरोपास प्रत्येक जनावराचा इतिहास हवा होता. तेव्हा त्या देशाने २००१ च्या सुमारास चिनी मातीच्या लहान नळकांड्यांत चिप घालून ती गुरांना गिळविली. हे नळकांडे जड असल्यामुळे जनावराच्या जठराच्या एका कप्प्यात जन्मभर पडून राहते. ते कानातून गळत नाही की चोरास सहज काढता येत नाही. पुढे मात्र तो देश कानातील बिल्ल्याकडे वळला. उरुग्वे देशात २००१ साली लाळ्या-खुरकुताची साथ आली. २००६ पासून तेथे वासरांना रेडिओ-बिल्ला सक्तीचा झाला.

माग काढणे हा या चिठ्ठीचा एक उपयोग. दुसरा मला त्याहून मोलाचा वाटतो. काही चिठ्ठ्यांत तापमापक व लहानशी बॅटरी असते, आणि त्या ठरावीक वेळाने मालाचे तापमान टिपून ठेवतात. एकाच सकाळी खुडलेल्या स्ट्रॉबेरीच्या दोन पेट्या घ्या. एक लगेच शीतगृहात गेली; दुसरी दोन तास बांधावर उन्हात राहिली. दोहोंवर तारीख एकच. वखारवाला नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आधी आलेला माल आधी पाठवील, आणि उन्हात राहिलेली पेटी कदाचित सर्वांत दूरच्या गावी रवाना होईल. तापमानाचा इतिहास हाती असला तर जी आधी नासणार ती आधी, आणि जवळच्या बाजारात, पाठविता येते. शेतातून निघाल्यापासून दुकानात पोहोचेपर्यंत जगातील सुमारे १४ टक्के अन्न वाया जाते, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१९ साली दिला. त्यातील काही भाग केवळ अशा आंधळ्या पाठवणीमुळे जातो.

मग ही चिठ्ठी सर्वत्र का नाही? पैशामुळे. वॉलमार्टने २००३ साली आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांस फर्माविले की, जानेवारी २००५ पासून प्रत्येक पेटीवर रेडिओ-चिठ्ठी हवी. खर्च पुरवठादाराचा व लाभ मुख्यतः दुकानदाराचा, असा हा सौदा. काही वर्षांत तो उत्साह ओसरला. जपानातील पाच दुकान-साखळ्यांनी तेथील उद्योग मंत्रालयासह २०१७ साली असा संकल्प सोडला की, २०२५ पर्यंत वर्षाकाठी शंभर अब्ज वस्तूंवर चिठ्ठ्या लावावयाच्या. मात्र चिठ्ठीची किंमत एका येनवर यावी, ही अट होती. २०२५ उलटले, संकल्प सिद्धीस गेला नाही. त्यात आणखी एक घरगुती अडचण होती : जेवणाचा डबा चिठ्ठीसकट सूक्ष्मलहरींच्या भट्टीत, म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये, ठेवला की धातूच्या पट्टीतून ठिणग्या उडतात. आता काही ठिकाणी हा प्रयोग नव्याने व बेताने चालला आहे. चिपोटले या उपाहारगृह-साखळीने २०२२ साली शिकागो परिसरातील सुमारे २०० उपाहारगृहांत मांस, दुग्धपदार्थ आणि ॲव्होकाडो यांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावून पाहण्यास आरंभ केला.

आपल्या देशातील गुरांच्या कानातील बारा अंकी पिवळा बिल्ला रेडिओचा नव्हे. त्यावर छापील क्रमांक आणि बारकोड असतो. आणि महाराष्ट्राने तर याहून मोठे काम रेडिओविनाच केले आहे. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले. त्यानंतर ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभारली. निर्यातीच्या प्रत्येक बागेस नोंदणी-क्रमांक, खुडणीपूर्वी नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी, आणि तो क्रमांक युरोपात पोहोचणाऱ्या पेटीपर्यंत सोबत, अशी तिची रचना आहे. नाशिकच्या बागाइतदारास रेडिओ-चिठ्ठी मिळाली तर वखारीतील मोजदाद वेगाने होईल, यात संशय नाही. पण ती चिठ्ठी ज्या वहीशी जोडावयाची, ती वही आधी लागते, व ती त्याच्यापाशी आहे.

या वहीचीही कसोटी लागली. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक रसायनाचे अंश आढळल्यामुळे आपल्या द्राक्षांची कित्येक कंटेनरे युरोपच्या बंदरांत अडकली. द्राक्षे कोणत्या बागेतली, हे सांगता येत होते. परंतु त्या रसायनाची तपासणीच होत नव्हती, कारण यादीत त्याचे नाव नव्हते. शेतकऱ्यांचे त्या हंगामात अतोनात नुकसान झाले. ते नाव यादीत चढले ते त्यानंतर.