नादुरुस्त नौकेचा हिशेब

मासेमारीच्या अर्थकारणाची चर्चा निघाली की डिझेलचे भाव, मासळीचे दर आणि परराज्यांतील ट्रॉलरांचे अतिक्रमण हे तीन विषय हटकून पुढे येतात. त्यांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु कोकण किनाऱ्यावरच्या नाखव्याला कर्जाच्या वाटेवर नेणारे आणखी एक कारण आहे आणि ते या चर्चेत बहुधा अनुल्लेखितच राहते. ते म्हणजे सफरीच्या मध्यावर होणारा नौकेचा बिघाड.

वस्तुतः हे बिघाड पुष्कळदा क्षुल्लक असतात. डिझेलमध्ये पाणी वा गाळ गेल्याने फिल्टर तुंबतो, इंधनाच्या नळीत हवा शिरून इंजिन बंद पडते, समुद्राचे पाणी खेचून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाची रबरी पंखी फाटते, किंवा समुद्रात वाहत आलेल्या जुन्या जाळ्याचा दोर पंख्यात गुंततो. यांपैकी फिल्टर व पंखी यांचे सुटे भाग नौकेच्या एकूण किमतीच्या मानाने नगण्य किमतीचे असतात. नळीतील हवा काढण्यास तर पान्याखेरीज काहीच लागत नाही. लागते ते ज्ञान. ज्या नौकेवर जादा फिल्टर आणि तो बदलू जाणणारा एक खलाशी आहे, तिचा तासभर जातो. जिच्यावर हे दोन्ही नाही, ती दुसऱ्या नौकेच्या दोराला बांधून बंदरात येते. ओढून आणणाऱ्या नौकेचाही दिवस बुडतो, ही गोष्ट वेगळीच.

येथे दुरुस्तीचा खर्च म्हणजे मिस्त्रीचे बिल नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. खरा खर्च थांबण्याचा असतो. खणात भरलेला बर्फ वितळत राहतो, पकडलेल्या मासळीचा दर्जा घसरतो आणि शिधा संपत जातो. जेथे वाट्याची पद्धत आहे, तेथे डिझेल, बर्फ व शिधा यांचा खर्च वजा जाता जे उरेल त्याचेच वाटे पडतात. बिघडलेल्या सफरीत काही उरतच नाही. म्हणजे पाच रुपयांच्या वस्तूअभावी पाचशेचे नुकसान व्हावे, असा हा प्रकार आहे. आणि त्याचा भार ज्याच्या मालकीची नौका नाही, त्या खलाशावरही पडतो.

तांडेलापुढचा पेच याहून अवघड असतो. बिघाड झाला की जवळच्या खाडीत शिरावे की रडतखडत आपले बंदर गाठावे? शहाणपण पहिल्या पर्यायात आहे, पण परक्या बंदरात मिस्त्री रोख पैसे मागतो. आपल्या बंदरात उधारी चालते. म्हणून कित्येकदा अर्धमेल्या इंजिनावर लांबचा पल्ला मारला जातो आणि किरकोळ बिघाडाचा मोठा बिघाड होतो. मग मोठी रक्कम तातडीने उभी करावी लागते. बँकेचे काम अर्ज, तपासणी, मंजुरी या क्रमाने चालते. मासळीचा दलाल त्याच संध्याकाळी उचल देतो. त्या उचलीचे व्याज कागदावर दिसत नाही. पुढची मासळी त्याच्याच हाती द्यावी लागते आणि भाव करण्याचे स्वातंत्र्य संपते, हेच ते व्याज.

भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. परतीच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा ही नौका मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदराकडे वळली आणि दुरुस्तीनंतरच मायदेशी निघाली. तो निर्णय सर्वथा योग्यच होता. पण असा निर्णय घेण्यासाठी पाठीशी नौदल असावे लागते. हर्णै वा देवगडच्या तांडेलाच्या पाठीशी असतो तो त्याचा दलाल.

पाण्याखालच्या भागाची दुरुस्ती ही तर चंद्राच्या कलांशी बांधलेली. उधाणाच्या भरतीला नौका वर घ्यायची आणि ओहोटीला ती उघडी पडली की काम करायचे, ही जुनी रीत. मुंबईकडे उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरपर्यंत अंतर पडते. गोव्याकडे ते जेमतेम दोन मीटर असते. साहजिकच दक्षिणेकडे ही सोय तोकडी पडते आणि भांगाच्या दिवसांत बिघाड झाला तर आठवडाभर वाट पाहण्याची पाळी येते. आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक होती. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी, गिर्ये येथे मराठा आरमारासाठी कातळात खोदलेली गोदी आहे. भरतीबरोबर जहाज आत यावे आणि ओहोटीला कोरडे पडावे, ही तिची साधी योजना. आरमाराचे बळ जहाजांच्या संख्येइतकेच ती किती लवकर पुन्हा समुद्रात उतरतात यावर ठरते, हे तिच्या बांधणाऱ्यांनी ओळखले होते.

आज नवी नौका वा नवे इंजिन घेण्यासाठी कर्ज आणि अनुदानाच्या योजना आहेत. महाराष्ट्रात सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरील कराचा परतावाही मिळतो. भांडवल निर्माण करण्याची ही आस्था ते टिकवण्याच्या बाबतीत दिसत नाही. छोट्या बंदरांत नौका वर ओढण्याचा उतार, एक विंच, प्रचलित इंजिनांच्या सुट्या भागांचा सहकारी साठा आणि खलाशांना पंधरा दिवसांचे यांत्रिक शिक्षण, एवढ्यासाठी फार मोठा पैसा लागणार नाही. अर्थात या गोष्टींचे समारंभपूर्वक उद्घाटन करता येत नाही, ही त्यांतील उणीव मानली पाहिजे!

लाकडी नौकांची जागा फायबर घेऊ लागल्याने प्रश्नाला नवे वळण लागले आहे. लाकडाला कीड लागते, पण त्याची फळी बदलणारा सुतार गावात मिळत असे. फायबर कुजत नाही. मात्र त्याला पडलेली भेग सांधताना पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो आणि रसायनांचे प्रमाण नेमके लागते. सागवानावर आयुष्य घालवलेल्या सुताराला हे काम कोणी शिकवलेले नाही.

त्यातच १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत किनाऱ्यावरच्या साऱ्या यांत्रिक नौका एकाच वेळी वर येतात. दुरुस्तीस सवड असते ती याच काळात, आणि पाऊस कोसळतो तोही याच काळात. मोजके सुतार आणि मोजके मिस्त्री यांच्याकडे रांग लागते. ज्याच्या हाती रोख रक्कम, त्याचा क्रमांक आधी लागतो. नारळी पौर्णिमेचा नारळ वाहून झाल्यावरही कित्येक नौका झावळ्यांखाली शाकारलेल्याच असतात आणि त्यांचे नाखवे दलालाच्या पेढीवर बसलेले असतात.