जुन्या जिप्सीचं स्टीअरिंग थरथरतं तेव्हा

मारुती जिप्सीला पुढे पाटे आणि अखंड अ‍ॅक्सल. एका चाकाला बसलेला हिसका दुसऱ्यापर्यंत सरळ पोचतो, आणि तिथून स्टीअरिंगवर. गॅरेजवाले बहुतेकदा लगेच बॅलन्सिंग सुचवतात. थरथर ठरावीक वेगालाच येत असेल तर ते बरोबर आहे. आधी रिमच्या आत वाळलेला चिखल खरवडून पाहा, तो फुकटचा इलाज आहे. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरत असेल तर डिस्क तपासा.

खड्ड्यातून गेल्यावर स्टीअरिंग नाचू लागतं आणि वेग पार कमी केल्याशिवाय थांबत नाही, हे मात्र वेगळं दुखणं. कुठेतरी सांधा ढिला आहे. गाडी जमिनीवरच उभी ठेवून एकाने स्टीअरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने खाली वाकून टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, पाट्यांचे बुश यांवर हात ठेवायचा. लटपट बोटांना लगेच कळते.

मग अ‍ॅक्सल जॅकवर, खाली घोडी लावून. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन बेअरिंग. किंगपिनचा ताण शिम कमी-जास्त करून जमवतात; बेअरिंग खाल्लं असेल तर बदलावंच लागतं.

लांब शॅकल लावून गाडी उंच केली असेल तर कॅस्टर बिघडलेला असू शकतो. नुसता नवा स्टीअरिंग डँपर बसवून घेऊ नका. तो दोष झाकतो, काढत नाही.