परकराला खिसा

ऑक्टोबर उजाडला की जर्सी सिटीत दोन प्रकारची दुकानं एकदम सजतात. जर्नल स्क्वेअरजवळच्या आपल्या ‘इंडिया स्क्वेअर’मध्ये, म्हणजे नुअर्क अ‍ॅव्हेन्यूवर, लहान मुलींचे जरीचे घागरे टांगलेले दिसतात. बाकी सगळीकडे, अगदी औषधांच्या दुकानातसुद्धा, हॅलोविनच्या चेटकिणी, सांगाडे आणि पऱ्या. २०२४ साली तर इथलं लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये परकर-पोलकं घातलेली माझी सहा वर्षांची लेक आणि शेजारचा स्पायडरमॅन एकत्र उभे होते. एका आजींनी कौतुकानं तिला विचारलं, “आणि तू कोण झाली आहेस?”

लेक माझ्याकडे बघायला लागली. आजींचा दोष नव्हता. वर्षातून एकदा अंगावर चढणारा, चकाकणारा, रोजच्यापेक्षा वेगळा कपडा म्हणजे त्यांच्या लेखी सोंगच. आणि खरं सांगायचं तर आपणही तेच करून ठेवलंय. जाळीचा टोचणारा घागरा मुलीला दोन तास घालायला लावायचा, फोटो काढायचे, फराळाआधीच तो उतरवून तिला पायजमा द्यायचा. पुढच्या दिवाळीला तो आखूड झालेला असतो. मग नवा.

मुलांसाठी ‘थीम’चे कपडे घरी शिवायचं वेड आपल्या मंडळींत सध्या बरंच आहे. आषाढीला वारकरी, शिवजयंतीला मावळे आणि जिजाऊ, मराठी शाळेच्या कार्यक्रमात सावित्रीबाई, शिवाय बाहुलीला मुलीसारखाच जोड. मीही त्यातलीच. शिक्षिका होते, पण मराठीची. शिवणाचा तास माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. दोन वर्षांत जे जमलं त्यावरून माझं एक मत झालंय: घरी शिवायचंच असेल तर सोंग शिवू नये, कपडा शिवावा. मुलाला त्यात धावता आलं पाहिजे, जेवता आलं पाहिजे, एकट्यानं बाथरूमला जाता आलं पाहिजे, आणि तो तीन दिवाळ्या टिकला पाहिजे.

पहिल्यांदा शिवणाऱ्यांना हमखास एक सल्ला मिळतो: आधी बाहुलीचे कपडे शिवा, कापड कमी लागतं. कापड कमी लागतं हे खरं, पण काम अवघड होतं. तीन इंचांचा मुंढा आणि त्यात बसवायची नखाएवढी बाही मशिनच्या पायाखाली फिरवायला सराईत हात लागतो. त्यापेक्षा परकर बरा. परकर म्हणजे एक लांब आयत. त्यात एकही वळण नाही.

सहा वर्षांच्या मुलीचं माप धरू. कंबर २२ इंच, कमरेपासून घोट्यापर्यंत २५ इंच. घेर कमरेच्या तिप्पट, म्हणजे ६६ इंच. उंचीला २५ इंच, त्यात नेफ्यासाठी २ इंच आणि मायेसाठी ४ इंच, असं ३१ इंच कापड घ्यायचं. शिवणात जास्तीचं दुमडून ठेवलेलं कापड म्हणजे माया, हे ज्यांच्या घरी मशिन होतं त्यांना सांगायला नको. साडीचा परकर असेल तर काठ खाली येतो, त्यामुळे माया खालच्या दुमडीत ठेवता येत नाही. मग काठाच्या वर आडव्या दोन चुण्या घालायच्या, प्रत्येकी १ इंच खोल. एक चूण दोन इंच उंची खाते. या वयाची मुलं वर्षाला साधारण दोन-सव्वादोन इंच वाढतात, म्हणजे पुढच्या दिवाळीला एक चूण सोडायची, त्याच्या पुढच्या दिवाळीला दुसरी. नेहमीचा टाका अडीच मिलिमीटरचा असतो; या चुण्यांना चार मिलिमीटरचा घालावा, म्हणजे उसवताना कापडाला इजा होत नाही. नेफ्यात नाडीऐवजी कमरेपेक्षा दोन इंच कमी लांबीचं इलॅस्टिक. शाळेत नाडीची गाठ सोडून द्यायला आई नसते.

आणि खिसा. आयताची दोन टोकं जोडताना बाजूला जी शिवण येते तिच्यात पाच-सहा इंचांची पिशवी बसवायची, चुण्यांमध्ये ती दिसतसुद्धा नाही. परकराला खिसा लावला आणि आमच्याकडे चित्रच पालटलं. लिंकन पार्कातले खडे, अर्धा खाल्लेला लाडू, पेन्सिलीचं टोक, सगळं त्यात जायला लागलं. खिसा आहे म्हणून परकर हवा, असं एका साध्या शनिवारी लेकीनं स्वतः मागितलं, तेव्हा तो सोंगाच्या कपाटातून रोजच्या कपाटात आला.

पोलक्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडच्या शिवणवर्गात छातीच्या घेराचा चौथा हिस्सा धरून तपकिरी कागदावर आराखडा काढतात. अमेरिकेत तयार कागदी नमुना विकत मिळतो. मापांच्या श्रेणीत छापलेला हा नमुना १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानं बाजारात आणला, तोही घरच्या लहान मुलाच्या कपड्यांवरून सुचला असं सांगतात. दोन्ही वापरून पाहिलं. पाकिटावरचा आकडा अमेरिकन ‘साइझ’ असतो, त्यावर विसंबू नये. मुलीच्या छातीला टेप लावावी. पोलकं पुढून उघडं ठेवून टिचबटणं लावली की मुली आपली आपण घालतात.

मशिनचं म्हणाल तर आपण सिंगरच्या अंगणात राहतो. जर्सी सिटीपासून जेमतेम अर्ध्या तासावर एलिझाबेथ आहे. तिथे १८७३ साली सिंगर कंपनीनं शिवणयंत्रांचा प्रचंड कारखाना उभारला आणि तो १९८२ पर्यंत चालला. भारतात पोचलेली बरीच जुनी सिंगर मशिनं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली असत. यंत्रावरच्या क्रमांकाआधीचं इंग्रजी अक्षर बघून ते ओळखता येतं. माहेरी कुणाच्या माळ्यावर असं मशिन असेल तर भावाला फोटो पाठवायला सांगा. यंत्रांबद्दल इतके साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. नवशिक्यांना मात्र शंभर टाक्यांच्या संगणकी मशिनची गरज नाही. सरळ, नागमोडी आणि काज, एवढे तीन टाके पुरतात.

कापड आणायला मी पाथ ट्रेननं तेहेतिसाव्या रस्त्याला उतरते आणि चालत गार्मेंट डिस्ट्रिक्टमध्ये जाते. सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवर मशिनवर वाकून बसलेल्या शिंप्याचा पुतळा आहे, ज्यूडिथ वेलर यांनी १९८४ साली घडवलेला. मुलांना तो जरूर दाखवावा. डोक्यावर ज्यू टोपी, हात कापडावर, नजर सुईवर. अमेरिकेतला मोठा वर्ग ज्या कापडदुकानांवर अवलंबून होता ती जोअ‍ॅन ही साखळी २०२५ च्या मे महिन्यात कायमची बंद झाली. १९४३ साली ओहायोत सुरू झालेली आणि देशभर आठशेच्या आसपास दुकानं असलेली. गावोगावच्या हौशी शिवणाऱ्यांचे त्यामुळे हाल आहेत; आपण नशीबवान, एक नदी ओलांडली की कापडाचा बाजार. तिथे कापड यार्डावर मिळतं. यार्ड म्हणजे आपला वार, ३६ इंचांचा. भारतात मीटर येऊन साठ-पासष्ट वर्षं झाली तरी साडी नऊवारीच राहिली, त्यामुळे आजीला आणि न्यूयॉर्कच्या दुकानदाराला एकच माप कळतं याची मला गंमत वाटते.

आता बाहुली. आपल्या आज्यांच्या हातात लाकडी ठकी असायची किंवा चिंध्यांची बाहुली, आणि तिच्या लग्नासाठी शालू म्हणजे शिंप्याकडच्या उरलेल्या कतरणी. आपल्या मुलींच्या हातात १८ इंची अमेरिकन गर्ल असते. ही कंपनी १९८६ साली सुरू झाली, आणि २०२३ साली तिची ‘वर्षाची मुलगी’ होती कावी शर्मा, भारतीय वंशाची, राहणार मेटचन, न्यू जर्सी. म्हणजे एडिसनची शेजारीण! आमच्याकडे तिचं आगमन झालं तेव्हा लेकीचा पहिला प्रश्न होता, हिचं परकर-पोलकं कुठाय?

बाहुलीच्या कपड्यात खरा घोळ गणिताचा असतो, आणि तो मुलांबरोबर सोडवण्यासारखा आहे. पाच फुटी बाई म्हणजे ६० इंच, बाहुली १८ इंच. म्हणजे दहात तीन. मग नऊ वारांची नऊवारी बाहुलीला २.७ वारांची लागेल, आणि ४५ इंच पन्ह्याऐवजी साडेतेरा इंच. कागदावर बरोबर. पण कापडाची जाडी काही दहात तीन होत नाही! सूत तेवढंच जाड राहतं, तीन इंचांचा इरकली काठ तीनच इंचांचा राहतो, आणि बाहुलीच्या पोटावर निऱ्यांचा गठ्ठा होतो. म्हणून बाहुलीला जुनी विरलेली मलमल किंवा पातळ ओढणी घ्यावी, काठाच्या जागी अर्ध्या इंचाची रिबीन लावावी, आणि निऱ्या मोजून पाचच घालाव्यात. गणिताला नव्हे, डोळ्याला पटेल असं. माझ्या लेकीला अपूर्णांक या साडीनं शिकवले. शाळेच्या वहीनं नंतर.

बाहुलीचं पोलकं शिवताना क्रम उलटा ठेवा. आपण माणसाच्या पोलक्याला आधी कडेची शिवण घालून मग गोल बाही बसवतो. बाहुलीच्या पोलक्याला खांदा जोडला की बाही सपाट असतानाच मुंढ्याला शिवून टाका आणि मग बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एकच शिवण मारा. बाहुलीचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं, कपडा वरून जात नाही. पाठ पूर्ण उघडी ठेवून पातळ वेल्क्रो लावा. हूक आणि काज लहान बोटांना झेपत नाहीत.

मुलगेही यात हवेत. दिवाळीच्या किल्ल्यासाठी आमच्या धाकट्याला मावळा व्हायचं होतं. बाजारात मिळणारा मावळा बहुतेक चमकत्या सॅटिनचा असतो. सह्याद्रीत सॅटिन घालून कोण चढेल! जाड्या पांढऱ्या सुती कापडाची बाराबंदी शिवली. नावाप्रमाणे बारा बंद, बटण एकही नाही, आणि बंद असल्यामुळे मूल वाढलं तरी सैल करता येते. आता तो ती झोपाळ्यावरही घालतो.

बंद म्हटले की एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बाराबंदीचे बंद छातीवर आणि कमरेला असतात, गळ्याशी नाहीत, आणि ते आखूड ठेवावेत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं १९९६ साली मुलांच्या वरून घालायच्या जाकीट-कोटांच्या टोपीला आणि गळ्याला नाडी नको, अशी सूचना काढली; घसरगुंडीत ती अडकून मुलं दगावली होती. आपली कुंची आठवा: डोक्यावरून पाठीवर उतरणारी, हनुवटीखाली बंद बांधलेली. पाळण्यातल्या बाळासाठी आजी कौतुकानं शिवून पाठवते. मी आमच्या कुंचीचे बंद काढून टिचबटण लावलं, ओढलं की सुटतं. आजीला आधी वाईट वाटलं, कारण सांगितल्यावर तिनंच पुढच्या नातवाच्या कुंचीला तसं केलं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांवर मणी, आरसे, घुंगरू टाळावेत. ते निघतात आणि तोंडात जातात.

दिव्यांचंही तसंच. न्यू जर्सीत २०१७ पासून हातात धरायच्या फुलबाज्यांना कायद्यानं परवानगी आहे, त्यामुळे पार्किंगमध्ये मुलं गोळा होतात. नायलॉनची जाळी ठिणगीनं वितळते आणि कातडीला चिकटते. सुती कापड चिकटत नाही, पण तेही पेट घेतं, हे विसरू नये. उडती ओढणी, लोंबत्या बाह्या फुलबाजीच्या वेळी नकोत. रात्री झोपताना घालायचा सुती कपडा अंगाबरोबर घट्ट हवा. इथल्या नियमात लहान मुलांच्या झोपेच्या कपड्यांना एकतर आगरोधक कापड किंवा घट्ट बेत, असे दोनच पर्याय आहेत.

राहिली गोष्ट साडी कापण्याची. यंदाच्या परकरासाठी अहो आईंनी सोलापूरहून त्यांची जुनी इरकल पाठवली, डाळिंबी रंगाची. त्यांच्या लग्नातली. माझ्या हातात कात्री, समोर साडी अंथरलेली, आणि मला ती चालवेना. व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, “अहो आई, तुम्ही नेसा ना ही, मी दुसरं कापड आणते.” त्या म्हणाल्या, “अगं, घडीवर विरत चाललीये ती. कपाटात फाटण्यापेक्षा पोरीच्या अंगावर फाटू दे. काप. पण आधी नीट मोज, आणि माया ठेव.” मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर चष्मा लावून मला काठ मोजायला लावला आणि पहिली रेघ खडूनं कुठे मारायची ते सांगितलं. आजूबाजूला साडी न्याहाळत लेक बसली होती. “आजी, इथे डाग आहे,” ती म्हणाली. आजी म्हणाल्या, “तुझ्या बाबाच्या बारशाचा. बासुंदी.” तो भाग आम्ही परकराच्या दर्शनी बाजूला घेतला, लेकीच्या हट्टानं.

जुन्या साडीच्या बाबतीत एक करावं. कापण्याआधी ती उजेडाकडे धरावी. घडीच्या रेषेवर धागे विरळ दिसतील. तो भाग चुण्यांत किंवा नेफ्यात घ्यावा, शिवणीवर नको. आणि आतून मलमलचं अस्तर लावावं, म्हणजे ओढ अस्तरावर येते.

पदर अजून कापलेला नाही. त्याचं काय करायचं यावर सोलापूर आणि जर्सी सिटीची दर रविवारी बोलणी चालू आहेत. अहो आईंना नव्या पतवंडासाठी दुपटं हवंय. लेकीचं म्हणणं, कावीसाठी तंबू.