म्हातारा कुत्रा, प्लीहेवरची गाठ आणि ऑपरेशनचा निर्णय

घरातला कुत्रा अकरा-बारा वर्षांचा झालाय. कशासाठी तरी पोटाची सोनोग्राफी केली आणि डॉक्टर म्हणाले, "स्प्लीनवर गाठ दिसतेय, काढावी लागेल." यानंतर घरात पहिला प्रश्न ठरलेला: या वयात झेपेल का त्याला?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. ऑपरेशनमधून तो सुखरूप बाहेर येईल का, हा एक. आणि बाहेर आल्यावर त्याच्या हाती किती दिवस लागतील, हा दुसरा. संशोधनात या दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक करून बघू.

आधी थोडं प्लीहेबद्दल, म्हणजे स्प्लीनबद्दल. जठराशेजारचा हा लांबट अवयव रक्त साठवतो आणि जुन्या तांबड्या पेशी काढून टाकतो. तो काढला तरी कुत्रा नीट जगू शकतो. पण तो रक्ताने भरलेला असतो, त्यामुळे त्यावरची गाठ फुटली तर पोटात रक्तस्राव होतो. अशी गाठ निरुपद्रवी असू शकते, किंवा हिमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड जातींत तो जास्त आढळतो.

खरी अडचण इथे आहे. सोनोग्राफीत दोन्ही गाठी सारख्याच दिसू शकतात. सुईने नमुना घेतला तरी बऱ्याचदा त्यात नुसतं रक्तच येतं, शिवाय गाठीतून रक्तस्राव व्हायची भीती. खात्रीचं उत्तर प्लीहा काढून तिची बायॉप्सी केल्यावरच मिळतं. म्हणजे आजार नक्की कोणता हे कळायच्या आधीच तुम्हाला निर्णय घ्यायचा असतो.

आता पहिला प्रश्न. ब्रिटनमध्ये सुमारे ९८,००० कुत्र्यांच्या भुलीच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. भूल दिल्यापासून ४८ तासांत भुलीशी संबंधित कारणाने दगावण्याचं प्रमाण निरोगी कुत्र्यांत साधारण २,००० मध्ये १, तर आजारी कुत्र्यांत ७५ मध्ये १ होतं. वयामुळे धोका वाढतो हे खरंच. पण आजारी आणि निरोगी यांच्यातली दरी किती मोठी आहे ते बघा. त्यामुळे वयाच्या आकड्याइतकंच हृदय, मूत्रपिंड आणि रक्त कोणत्या स्थितीत आहे हेही बघावं लागतं. नुसतं प्लीहेचं ऑपरेशन घेतलं तर धोका आणखी वाढतो. अमेरिकेतल्या ५३९ कुत्र्यांच्या एका अभ्यासात ४१ कुत्री ऑपरेशनच्या आसपासच्या काळात दगावली. रक्तातल्या प्लेटलेट्स फार कमी असणं, रक्त फार कमी असणं आणि ऑपरेशन चालू असताना हृदयाचे ठोके बिघडणं यांनी तिथे धोका वाढला होता.

यातलं प्लेटलेट्सचं आपल्याकडे विशेष लक्षात ठेवा. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार भारतात सर्रास आढळतात. त्यांत प्लेटलेट्स घसरतात आणि प्लीहाही सुजते. म्हणून ऑपरेशनआधी या दोन्हींची तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारा.

दुसरा प्रश्न जास्त कठीण. पशुवैद्यकात एक जुना ढोबळ नियम आहे: प्लीहेवर गाठ असलेली ९ कुत्री घेतली, तर ६ जणांची गाठ कॅन्सरची, आणि त्या ६ पैकी ४ हिमँजिओसार्कोमा. ऐकून धीरच सुटतो. पण गाठ कशी सापडली, यावर हे गणित बदलतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त योगायोगाने सापडलेल्या, न फुटलेल्या गाठी घेतल्या होत्या. तिथे १०५ पैकी ७४ कुत्र्यांच्या गाठी निरुपद्रवी निघाल्या. याउलट गाठ फुटून, पोटात रक्त होऊन कुत्रा कोसळला असेल, तर कॅन्सरची शक्यता बरीच जास्त. म्हणून शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं काय झालं यावरून अंदाज बांधू नका. त्याची गाठ फुटलेली होती का, हे आधी विचारा.

हिमँजिओसार्कोमाच निघाला तर? नुसत्या ऑपरेशननंतर मध्यक आयुष्य साधारण १ ते ३ महिने, केमोथेरपी जोडली तर ४ ते ६ महिने. मध्यक म्हणजे सगळ्या कुत्र्यांना जगलेल्या दिवसांप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमध येणारा आकडा. निम्मी त्याआधी जातात, निम्मी त्यानंतर. तुमच्या कुत्र्याची तारीख त्यात लिहिलेली नसते.

म्हणूनच पोट उघडण्याआधी छातीचा एक्स-रे आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेतात. हा कॅन्सर फुप्फुसात आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात सापडू शकतो. तिथे आधीच पसरला असेल, तर जखम भरून यायचे दहा-चौदा दिवस हा त्याच्या उरलेल्या आयुष्यातला मोठा हिस्सा ठरतो. आणि कुत्र्याला "पुढच्या महिन्यात बरं वाटेल" हे सांगता येत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो फक्त आजचा दिवस.

आजचा दिवस मोजायलाही साधन आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यक ॲलिस व्हिलालोबोस यांनी केलेल्या मोजपट्टीत वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण देतात. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर आयुष्य बरं चाललंय असं धरतात. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण देऊन बघा. मतं कुठे फाटतात ते लगेच कळतं.

नको ठरवलंत तरी ते दुर्लक्ष नव्हे. मात्र त्यालाही तयारी लागते: हिरड्या पांढऱ्या पडल्या, कुत्रा अचानक गळून गेला तर रात्री कुठे न्यायचं, वेदनेसाठी काय द्यायचं, आणि शेवटचं इंजेक्शन कधी, हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. हो म्हणणार असाल, तर रक्त द्यायला दुसरा कुत्रा मिळेल का आणि पहिले दोन दिवस हृदयाच्या ठोक्यांवर कोण लक्ष ठेवणार, हे विचारा. आणि कॅन्सर पसरलेला दिसला तर भुलीतून उठवायचं की नाही, याचं उत्तर तो टेबलावर जायच्या आधी घरात बसून ठरवा. ऑपरेशन चालू असताना तो फोन आला, तर विचार करायला दोनच मिनिटं मिळतात.