जुनी फोर बाय फोर घेताना : आधी कागद, मग चेसिस, शेवटी इंजिन

गेल्या काही वर्षांत जुन्या जीपगाड्यांना पुन्हा मागणी आली आहे. डोंगरातील शेतकरी, फार्महाऊसवाले, घाटवाटांचे हौशी आणि ताडोबा-पेंचसारख्या जंगलांच्या दारात पर्यटकांना फिरवणारे, या सर्वांना चारही चाकांना जोर देणारी, म्हणजेच फोर बाय फोर गाडी हवी असते. नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनी घेऊन ती दुरुस्त करून घेण्याकडे कल आहे. फिटर, डेंटर, वायरमन, पाटे भरणारे, लेथवाले अशा कितीतरी कारागिरांची रोजी या गाड्यांवर चालते. त्यातील काहीजण आता स्वतःच गाडी विकत घेऊन, तयार करून विकण्याचा विचार करतात. विचार चांगला आहे. पण त्यात अनेकांचे भांडवल अडकलेले आम्ही पाहिले आहे.

आमच्या परिचयातील एका कुशल फिटरची गोष्ट सांगतो. भिशीचे पैसे हाती आले, समोर एक जिप्सी स्वस्तात आली. इंजिन धूर टाकत होते, पण इंजिन उघडणे हा त्याच्या हातचा मळ. त्याने गाडी घेतली, इंजिन बांधले, रंग दिला, गिऱ्हाईकही शोधले. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत नेली, तेव्हा चेसिस नंबर नीट वाचता येईना. पूर्वी कोणीतरी गंजलेल्या जागी पत्रा मारून वेल्डिंग केले होते आणि नंबरचे दोन आकडे त्यात गेले होते. गाडी पास झाली नाही. गिऱ्हाईक निघून गेले, भांडवल अंगणात उभे राहिले.

या गृहस्थाचे कसब कमी पडले नाही, त्याचा क्रम चुकला. जे आपल्याला दुरुस्त करता येते ते त्याने आधी पाहिले आणि जे कोणालाच दुरुस्त करता येत नाही ते शेवटी पाहिले. इंजिन बांधता येते, चेसिसला बराच खर्च करून सावरता येते, पण खोटे किंवा संपलेले कागद पान्याने दुरुस्त होत नाहीत. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे : आधी कागद, मग चेसिस, मग चारही चाकांचा जोर आणि सर्वांत शेवटी इंजिन.

बाजारात काय मिळते?

आपल्याकडे स्वस्त जुन्या फोर बाय फोर गाड्या मुख्यतः तीन घराण्यांतल्या आहेत. पहिले घराणे महिंद्राच्या जीपचे. ऐंशीच्या दशकातील एमएम ५४० मध्ये प्यूजो कंपनीच्या परवान्याचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन असे. पुढे त्याहून मोठ्या इंजिनांच्या जीपा आल्या. यंत्ररचना साधी असल्याने गावचा फिटरही त्या उघडू शकतो. मात्र सातारा-कोल्हापूरकडे वडापसाठी धावलेल्या कमांडर गाड्यांपैकी पुष्कळशा फक्त मागच्या चाकांच्या जोराच्या आहेत, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक जीप फोर बाय फोर नसते.

दुसरे घराणे मारुती जिप्सीचे. ती १९८५ मध्ये ९७० सीसीच्या पेट्रोल इंजिनासह आली, १९९६ मध्ये १२९८ सीसीचे इंजिन आले आणि २०१९ च्या सुमारास सर्वसाधारण ग्राहकांसाठी तिचे उत्पादन थांबले. वजनाला हलकी असल्याने ती चिखलातून सहज निघते, परंतु तिचा पत्रा आणि चेसिस गंजतात. तिसरी १९९८ ची टाटा सफारी. आरामात ती वरचढ, पण यंत्रभाग अधिक, म्हणून दुरुस्तीही महाग. लहान भांडवलाच्या कारागिराने पहिल्या दोन घराण्यांतच राहावे, असे आम्हाला वाटते.

कागदांची पाहणी

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठी हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. शिवाय १५ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणून नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत आहे, हा पहिला प्रश्न विचारावा.

आरसी बुकावरील इंजिन नंबर व चेसिस नंबर स्वतः डोळ्यांनी गाडीवर वाचावेत. चेसिस नंबरच्या आसपास वेल्डिंग, घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर सौदा तेथेच थांबवावा. सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा पाहता येतो, थकलेली ई-चलनेही तपासता येतात. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र व फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नावबदलासाठी फॉर्म २९ व ३० आणि दुसऱ्या राज्यातील अथवा दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो.

दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांविषयी खास सांगायला हवे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानंतर तेथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवणे कठीण झाले. त्यानंतरही हे आदेश बदलत राहिले आहेत. परिणामी तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडतात. पण एनओसी नसलेली, किंवा नोंदणी रद्द झालेली गाडी कितीही स्वस्त असली तरी ती गाडी नव्हे, भंगार आहे. आणि येथे आणल्यावर येथील करही भरावा लागतो, तो किमतीत आधीच धरावा.

सरकारी खात्यांच्या लिलावातील जीपा हा पूर्वी चांगला मार्ग होता. आता तो बंद झाल्यासारखा आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी चालू राहत नाही, त्या मोडीतच काढायच्या असतात. तेव्हा "खात्याची गाडी आहे, कमी चाललेली आहे" या बोलण्याला भुलू नये.

शेवटची गोष्ट बदललेल्या गाड्यांची. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव नव्या-जुन्या भागांतून जीपा बांधण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरी वाखाणण्यासारखी असते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. कापून आखूड केलेली चेसिस, दुसऱ्या कंपनीचे इंजिन, बदललेली बॉडी, हे सर्व पास होण्यात अडचण येते. बांधणाऱ्या कारागिराने गिऱ्हाईकाचा असा हट्ट पुरवला, तर उद्या बोल त्याच्यावरच येतो.

चेसिस : खाली झोपून पाहावी

कागद नीट असतील तर गाडीखाली जावे. बरोबर एक छोटी हातोडी व स्क्रू ड्रायव्हर असावा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, आतून कुजलेल्या लोखंडाचा बद्द येतो. पाट्यांचे हँगर जेथे चेसिसला जोडलेले असतात तेथे, बॉडीच्या माउंटिंगजवळ आणि मागच्या आडव्या पट्टीत गंज आधी धरतो. कोकणातील, समुद्राकाठच्या गाडीला दुप्पट वेळ द्यावा. रंग जाड, चकचकीत आणि नवा असेल तर आनंदित होऊ नये. लोहचुंबक लावून पाहावे. जेथे चुंबक धरत नाही तेथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पत्रा डेंटर नवा बसवील, पण वाकलेली किंवा ठिगळ लावलेली चेसिस गाडीला कधीच सरळ चालू देत नाही.

चारही चाकांना खरोखर जोर आहे का?

या गाड्यांत इंजिनाचा जोर गिअर बॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येतो आणि तेथून एक शाफ्ट मागे, एक पुढे जातो. छोटा लिव्हर ओढला की पुढचा शाफ्टही फिरतो. लो गिअरमध्ये वेग कमी होऊन ताकद वाढते. हा लिव्हर दिसतो म्हणून गाडी फोर बाय फोर आहे असे समजू नये. पुढचा शाफ्ट काढून टाकलेल्या आणि लिव्हर नुसता शोभेचा राहिलेल्या गाड्या विकायला येतात.

परीक्षा सोपी आहे. शेतात, वाळूत किंवा ओल्या मातीत गाडी नेऊन फोर लो टाकावा आणि हळू सोडावी. पुढची चाकेही माती उकरताना दिसली पाहिजेत. ज्या गाडीला पुढे फ्री व्हील हब असतात, तिचे हब आधी लॉक करावेत, नाहीतर चांगल्या गाडीला आपण नावे ठेवू. ही परीक्षा कोरड्या डांबरी रस्त्यावर करू नये. वळताना पुढची चाके मागच्यांहून जास्त अंतर कापतात. मातीत ती घसरून हा फरक निघून जातो, डांबरावर मात्र तो ताण शाफ्ट, क्रॉस आणि गिअरच्या दात्यांवर बसतो. हीच गोष्ट गिऱ्हाईकालाही समजावून द्यावी. चारही टायर एकाच मापाचे असणे याच कारणासाठी आवश्यक आहे.

ट्रान्सफर केसचा व दोन्ही डिफरन्शियलचा नट ढिला करून थोडे तेल बोटावर घ्यावे. त्यात चकाकणारा कीस असेल तर दाते किंवा बेअरिंग झिजत आहेत. तेल पांढरट असेल तर आत पाणी गेले आहे. पुढच्या चाकांच्या आतील बाजूस ग्रीस-तेल पसरले असेल तर सील गेले आहेत. ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर किंगपिन, टायरॉड एंड आणि चाकाचे बॅलन्सिंग पाहावे.

आता इंजिन

इंजिन थंड असताना पाहावे. आपण पोहोचण्यापूर्वीच मालकाने गाडी चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळत आहे. काळा धूर असेल तर डिझेल नीट जळत नाही, तेव्हा नोझल, पंप, एअर फिल्टर पाहावे. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि ऑईलच्या टोपणाला दुधाळ साय असेल तर हेड गॅस्केट अथवा हेडच गेले असावे. चालू इंजिनात ऑईलचे टोपण काढल्यावर जोराने वाफ फेकली तर बोअर-पिस्टन झिजलेले आहेत. यांपैकी कोणताही दोष सौदा मोडण्याइतका नाही, तो किंमत पाडण्याचे कारण आहे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात जुने सुटे भाग मिळतात, परंतु तेथेही पावती मागावी. चोरीचा भाग स्वस्त पडत नाही. इंजिन बदलले तर त्याच्या नंबरची नोंद आरटीओत करून घ्यावी.

हिशेब उलटा मांडावा

समजा, मालक १,८०,००० रुपये मागतो. आपला अंदाज असा : इंजिन ६०,०००, चेसिस-बॉडी ५०,०००, ट्रान्सफर व पुढचा अ‍ॅक्सल ३०,०००, टायर-बॅटरी ३५,०००, कागद २०,०००. एकूण १,९५,०००. म्हणजे गाडी पडली ३,७५,००० रुपयांना. आणि तयार गाडी बाजारात साडेतीन लाखांना जात असेल तर? सुरुवातीलाच तोटा.

म्हणून विक्रीच्या किमतीपासून मागे यावे. ३,५०,००० मधून दुरुस्ती १,९५,०००, आपली मेहनत व नफा ४०,००० आणि न दिसलेल्या दोषांसाठी २५,००० वजा केले की उरतात ९०,०००. तीच त्या गाडीची आपल्यासाठी खरी किंमत. मालक तेवढ्याला देत नसेल तर सलाम करून निघावे.

जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याने आणखी एक आकडा ध्यानात घ्यावा. जुन्या गाड्यांवर खरेदी आणि विक्री यांच्या फरकावर १८ टक्के कर आहे आणि या फरकातून दुरुस्तीचा खर्च वजा होत नाही. वरच्या उदाहरणात फरक २,६०,००० आणि कर ४६,८०० रुपये, म्हणजे आपल्या नफ्याहून अधिक! केवळ माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही, तरी धंदा सुरू करण्यापूर्वी कर सल्लागाराशी बोलावे. तसेच १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यास आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते.

नावबदल मात्र कधीही लांबवू नये. विकलेल्या गाडीचा अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. गाडी गेली आणि नाव राहिले, तर जबाबदारीही राहिली.

भांडवल थोडे आहे, पण हातात कसब आहे, अशा कारागिराने काय करावे? आमचा सल्ला असा की, गाडी स्वतः घेण्याऐवजी गिऱ्हाईकासाठी ती तपासून द्यावी आणि तपासणीची ठरलेली मजुरी घ्यावी. दोष व खर्च कागदावर लिहून द्यावेत, गाडी गिऱ्हाईकाने घ्यावी, काम आपण करावे. यात पैसा गिऱ्हाईकाचा आणि मेहनत आपली. आणि ज्याने दोष आधी सांगितला त्याच्याकडे माणूस पुन्हा येतो, चार जणांना घेऊन येतो. आमच्या त्या फिटरने आता हाच मार्ग धरला आहे. गाडी पाहायला तो हातोडी आणि चुंबक घेऊन जातो, पण सर्वांत आधी आरसी बुक मागतो.