गेमिंग कन्सोल: किंमत यंत्राची, कमाई खेळांची

दिवाळी जवळ आली की नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या घरांतही प्लेस्टेशनचा हट्ट सुरू होतो. पन्नास हजारांचा आकडा ऐकून आई-वडील कधी कंपनीच्या, तर कधी दुकानदाराच्या नावाने बोटे मोडतात. यातला काही राग रास्त असतो, पण बराचसा चुकीच्या पत्त्यावर जातो.

गैरसमज १: कंपनी यंत्रावरच बक्कळ कमावते.
वस्तुस्थिती: बहुतेकदा उलटे असते. 'एपिक गेम्स विरुद्ध ॲपल' खटल्यात मे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी साक्ष दिली, की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा मिळवलेला नाही. सोनीचा प्लेस्टेशन ३ अमेरिकेत २००६ मध्ये ४९९ आणि ५९९ डॉलरला आला, तोही तोटा सोसूनच. भरपाई खेळांतून होते. नगरजवळच्या नेप्तीच्या बाजारात कांद्याच्या प्रत्येक सौद्यावर आडत निघते, तसा कन्सोलवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळातून कंपनीचा वाटा निघतो. ऑनलाइन स्टोअरवर तो साधारण ३० टक्के असतो.

गैरसमज २: मग सगळेच तोट्यात विकतात.
वस्तुस्थिती: नाही. निन्टेंडो शक्यतो यंत्रावरही नफा ठेवते. सोनीनेही ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले, की डिस्कवाला प्लेस्टेशन ५ आता तोट्यात विकावा लागत नाही. खेळांच्या कमाईचा आधार नसेल तर काय होते, हे १९९३ च्या 'थ्रीडीओ' कन्सोलने दाखवले. यंत्र पॅनासोनिकसारख्या कंपन्या बनवत, पण खेळांवरची रॉयल्टी थ्रीडीओ कंपनीकडे जाई. त्यामुळे बनवणाऱ्याला नफा यंत्रातच काढावा लागला. किंमत ७०० डॉलरवर गेली आणि ग्राहक फिरकले नाहीत.

गैरसमज ३: अमेरिकेपेक्षा इथे महाग, म्हणजे दुकानदार लुटतो.
वस्तुस्थिती: प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला. अमेरिकेतली तेव्हाची किंमत ४९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेछत्तीस हजार. मात्र अमेरिकेत छापील किमतीत विक्रीकर नसतो, आपल्या एमआरपीत सगळे कर असतात. ४९,९९० रुपयांत १८ टक्के जीएसटीच सुमारे ७,६०० रुपये होतो, शिवाय आयात शुल्क वेगळे. १ जानेवारी २०१९ पूर्वी तर हा जीएसटी २८ टक्के होता. एमआरपी देशभर एकच असते. दुकानदाराने त्याहून जास्त घेतले तरच तक्रार त्याच्याविरुद्ध.

गैरसमज ४: डिस्क नसलेले मॉडेल १० हजारांनी स्वस्त, म्हणजे फायदाच.
वस्तुस्थिती: प्लेस्टेशन ५ चे असे मॉडेल २०२१ मध्ये ३९,९९० रुपयांना होते. पण त्यावर खेळ कंपनीच्याच ऑनलाइन स्टोअरमधून घ्यावे लागतात. मित्राची डिस्क मागता येत नाही, सेकंडहँड घेता येत नाही, खेळून झालेली विकताही येत नाही. वर्षाला पाच-सहा खेळ घेणाऱ्याचे वाचलेले १० हजार हळूहळू कंपनीकडे परत जातात.

गैरसमज ५: परवाना नसलेला कंट्रोलर बेकायदाच.
वस्तुस्थिती: इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने कन्सोलला चालणारा कंट्रोलर विकणे, एवढ्यानेच गुन्हा ठरत नाही. सोनी किंवा एक्सबॉक्सचे बोधचिन्ह छापलेला नकली माल मात्र ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार गुन्हाच. तरीही कायदेशीर वस्तू चालेलच याची हमी नाही: नोव्हेंबर २०२३ पासून एक्सबॉक्सने परवाना नसलेली उपकरणे अपडेटद्वारे बंद करायला सुरुवात केली.

गैरसमज ६: परवाना म्हणजे फक्त दर्जाची हमी.
वस्तुस्थिती: परवाना म्हणजे चाचणी आणि रॉयल्टी, दोन्ही. निन्टेंडोने १९८५ मध्ये अमेरिकेतल्या यंत्रात कुलूप-चिप बसवली. परवान्याशिवाय बनवलेले कार्ट्रिज त्यात सहसा चालत नसे. सुमार खेळांना त्यामुळे आळा बसला, पण प्रत्येक कार्ट्रिजमागे पैसेही निन्टेंडोकडे येऊ लागले. त्याच कंपनीच्या जपानी 'फॅमिकॉम'मध्ये ही चिप नव्हती. म्हणूनच त्याच्या नकला सहज निघाल्या आणि नव्वदच्या दशकात 'मारिओ', 'कॉन्ट्रा'सह आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडल्या गेल्या. त्यातला एक पैसाही निन्टेंडोला मिळाला नसेल.

तेव्हा दुकानात जाताना केवळ यंत्राची किंमत पाहू नका. जास्तीचा कंट्रोलर, ऑनलाइन खेळण्याची वर्गणी आणि वर्षाचे चार खेळ धरून तीन वर्षांचा हिशेब मांडा. खोक्यावर एमआरपी, आयातदाराचे नाव-पत्ता आणि बीआयएस नोंदणी क्रमांक आहे ना, ते तपासा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळता येतो. भारतातली वॉरंटी लागू आहे का, हेही विचारा. पक्के बिल घ्या. फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे प्रश्न सुटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.