एकात्म तिकीट : मालास मिळाले, माणसास केव्हा?



बेळगावच्या रविवार पेठेतून धान्याची गाडी पुण्यास निघाली, की वाटेत हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे पथकराचे नाके लागतात. त्यांपैकी पहिले दोन कर्नाटकात, बाकीचे महाराष्ट्रात. प्रत्येक नाक्याचा हिशेब निराळा. तरीही चालकास कोठेही खिशात हात घालावा लागत नाही. काचेवर चिकटविलेली फास्टॅगची एक पट्टी सर्वत्र चालते. फेब्रुवारी २०२१ पासून ती सक्तीची झाली, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी कुरकूर केली होती. आज तिच्यावाचून गाडी बाहेर काढण्याचा विचारही कोणी करीत नाही.

आता त्याच गाडीच्या मालकाचे कुटुंब उचगावहून कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री दर्शनास निघाले आहे, असे समजा. उचगाव ते बेळगाव एक बस, बेळगाव ते निपाणी दुसरी. वाटेत तवंदी घाटातील स्तवनिधीस उतरावयाचे असेल तर पुन्हा निराळे तिकीट. निपाणीहून कोल्हापुरास महाराष्ट्राची एसटी, कोल्हापूरहून हातकणंगल्यास रेल्वे आणि तेथून पुढे रिक्षा. संस्था तीन, राज्ये दोन आणि दर टप्प्यास सुट्या पैशांची शोधाशोध. पोत्यास जी सोय लाभली ती माणसास अद्याप लाभलेली नाही. ही सोय म्हणजे नेमके काय, ती कशी चालते आणि आपल्या सीमाभागात तिला कोणत्या अडचणी आहेत, हे समजावून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

पाठीवरची बाकी आणि हुंडी

वाहकाजवळ सुटे नसले, की तो तिकिटाच्या पाठीवर बाकी रक्कम लिहून देतो. हा प्रकार आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिल्यास ती एक लहानशी हुंडीच होय. परंतु ती त्याच वाहकाने, त्याच बसमध्ये, उतरण्यापूर्वी सकारली पाहिजे. दुसऱ्या वाहकास ती दाखविल्यास तो हसेल. आपल्या पूर्वजांच्या हुंडीचे सामर्थ्य याच्या उलट होते. एका गावच्या पेढीने लिहिलेली हुंडी शेकडो कोसांवरील पेढी सकारीत असे, कारण पेढ्यापेढ्यांत खाते होते आणि पत होती. कागद गौण होता; खाते मुख्य होते.

एकात्म इलेक्ट्रॉनिक तिकिटाचे मर्मही हेच आहे. लोक कार्डाकडे व यंत्राकडे पाहतात. वस्तुतः खरे काम त्यांच्यामागे चाललेल्या हिशेबाचे असते.

हे तत्त्व यंत्रयुगापूर्वीचे आहे. इंग्लंडमध्ये आरंभी रेल्वे कंपन्या अनेक होत्या. उतारू एका कंपनीच्या स्थानकावर बसे आणि तिसरीच्या स्थानकावर उतरे. त्याने दिलेल्या भाड्यात कोणाचा वाटा किती, हे ठरविण्यासाठी १८४२ साली लंडनमध्ये ‘रेल्वे क्लिअरिंग हाऊस’ स्थापन झाले. तेथे बसून कारकून तिकिटे मोजीत, मैलांच्या प्रमाणात वाटणी करीत आणि येणे-देणे परस्पर वळते करीत. संगणक नव्हता, वीज नव्हती. तरी एका तिकिटावर अनेक कंपन्यांचा प्रवास होत होता.

ऐक्याच्या तीन पायऱ्या

‘आता बसमध्येही मोबाइलने पैसे देता येतात, मग आणखी काय हवे?’ असा प्रश्न कोणी विचारील. वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या बसमध्ये २०२३ पासून क्यूआर कोडवर यूपीआयने भाडे देण्याची सोय सुरू झाली आहे, आणि ती स्वागतार्हच आहे. परंतु त्यायोगे केवळ रोख पैशाचे रूप पालटले. तिकिटे होती तेवढीच राहिली.

एकात्मतेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी साधनाच्या ऐक्याची : एकच कार्ड बस, रेल्वे व मेट्रो या सर्वांत चालावे. दुसरी तिकिटाच्या ऐक्याची : निघतानाच अखेरच्या मुक्कामापर्यंतचे एक तिकीट मिळावे. तिसरी भाड्याच्या ऐक्याची : वाहन बदलले म्हणून उतारूवर पहिल्या टप्प्याचा भार पुन्हा पडू नये. लंडनमध्ये दिवसभरात कितीही वेळा चढ-उतार केली, तरी ठराविक मर्यादेपलीकडे भाडे कापले जात नाही. ही तिसऱ्या पायरीची गोष्ट झाली.

आपल्या देशात पहिल्या पायरीचा आरंभ ४ मार्च २०१९ रोजी ‘नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड’ या नावाने झाला. मुंबईतील बेस्टच्या बस, मुंबई व पुण्याच्या मेट्रो, तसेच बेंगळुरूची ‘नम्म मेट्रो’ यांनी पुढील काळात ते स्वीकारले. दुसऱ्या पायरीचे मराठी मुलखातील ठळक उदाहरण म्हणजे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेले ‘मुंबई वन’ हे मोबाइल ॲप. उपनगरी रेल्वे, मेट्रोचे मार्ग, बेस्ट, आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली व मीरा-भाईंदर येथील बससेवा अशा एकूण ११ सार्वजनिक वाहतूक सेवा त्यात एकत्र आणल्या गेल्या. परगावच्या पाहुण्यास जवळचे स्थानक कोणते, पाहण्याजोगे स्थळ कोणते, हेही त्यात कळते. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या, निरनिराळ्या मालकीच्या इतक्या संस्था एका वहीत आल्या, ही सामान्य गोष्ट नव्हे.

कार्डाचे आतले काम

या राष्ट्रीय कार्डात एक सूक्ष्म चकती असते. तिच्यात आपण आगाऊ भरलेली रक्कम नोंदलेली असते. तिची मर्यादा २००० रुपयांची आहे. वाहकाच्या यंत्रास कार्ड टेकविताच भाडे त्या चकतीतूनच वजा होते. त्या क्षणी बँकेस विचारावे लागत नाही. आपल्या भागात हे फार महत्त्वाचे आहे. उचगावहून बाची, शिनोळी ओलांडून आंबोलीच्या घाटात बस शिरली, की मोबाइलचा संपर्क भरवशाचा राहत नाही. तेथे यूपीआय अडते, कार्ड अडत नाही. पुढे यंत्रास संपर्क मिळाला, की दिवसभराच्या नोंदी मध्यवर्ती हिशेबाकडे जातात आणि ज्याचे त्यास पैसे पोहोचतात. आपण दिवसाची खर्डेवही रात्री रोजकीर्दीत उतरवितो, तद्वतच हे समजावे.

सीमेवरचा पेच

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव व कोल्हापूर ही दोन्ही मुंबई राज्यात होती. त्या दिवशी त्यांच्यामध्ये राज्यसीमा आली आणि दोन परिवहन महामंडळांचे दोन हिशेब कायमचे झाले. त्याचे परिणाम आजच्या सवलतींत स्पष्ट दिसतात. कर्नाटकाच्या ‘शक्ती’ योजनेने ११ जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना सरकारी साध्या बसमध्ये विनामूल्य प्रवास मिळाला. त्यांना शून्य रकमेचे तिकीट दिले जाते व त्याचा मोबदला सरकार महामंडळास देते. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे भाडे आहे. परंतु तेही राज्याच्या हद्दीपुरतेच. आपल्या भगिनी एका दिवसात दोन्ही राज्यांतून जातात. एकच तिकीट काढावयाचे, तर त्यात कोणती सवलत कोठवर आणि तिचा भार कोणावर, हे यंत्रास आधी शिकविले पाहिजे.

दुसरा पेच याहून नाजूक आहे. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले, की पहिली गदा बसवर येते. डिसेंबर २०२२ व फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन राज्यांतील बससेवा खंडित झाली, हे आपण अनुभवले आहे. अशा वेळी कोल्हापूरपर्यंतचे तिकीट काढलेला उतारू निपाणीस अडकून पडला, तर उरलेले भाडे त्यास कोणी परत करावयाचे? सुट्या तिकिटांत हा प्रश्न उद्भवत नाही. एकात्म तिकिटात उद्भवतो. याचे उत्तर करारात आधीच लिहिलेले असले पाहिजे. विक्री एकाची व सेवा दुसऱ्याची असेल, तेथे विक्रेत्याने पैसे परत करून मागाहून सेवा देणाऱ्याशी वळते करून घ्यावे, हा व्यापारातील जुना शिरस्ता येथेही न्याय्य ठरेल.

‘दोन राज्यांचा असा हिशेब जुळणे अशक्य’ असे म्हणणाऱ्यांस एवढेच सांगावेसे वाटते, की १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात तो प्रत्यही जुळत आहे. येथून कोल्हापुरास पाठविलेल्या मालावर आपण एकात्मिक कर भरतो आणि त्यातील राज्याचा वाटा, माल जेथे खपला त्या राज्यास पोहोचतो. कराची वाटणी होऊ शकते, तर बसभाड्याची का होऊ नये?

सावधगिरीच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट गुप्ततेची. कोण कोठून कोठे गेला याची नोंद कार्डामागे राहते, आणि आजच्या बाजारात अशी नोंद विकाऊ माल झाली आहे. हाँगकाँगचे ‘ऑक्टोपस’ कार्ड १९९७ पासून चालते व जगात नावाजलेले आहे. तेथेही सुमारे २० लक्ष ग्राहकांची माहिती परस्पर विकली गेल्याचे २०१० साली उघडकीस आले. आपल्या धर्मात न दिलेले घेणे यास अदत्तादान म्हटले आहे. हा प्रकार त्याहून निराळा कसा मानावा? या बाबतीत एक पळवाट नव्हे, तर राजमार्गच उपलब्ध आहे. केवळ सार्वजनिक वाहतुकीपुरते, ३००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येईल असे कार्ड ग्राहकाची ओळख न पडताळता देण्यास रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये अनुमती दिली आहे. अशा निनावी कार्डाचा पर्याय ठेवलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट वृद्धांची व गरिबांची. ज्या आजींजवळ मोबाइल नाही, ज्या हमालाचे हात पोती उचलून घट्टे पडलेले आहेत, त्यांना बसमधून उतरविणारी सुधारणा ही सुधारणा नव्हे. कार्ड हवे, मोबाइलची सक्ती नको; आणि रोख भाडे घेणारा वाहक बसमध्ये राहिला पाहिजे.

आपले कर्तव्य

यात व्यापाऱ्यांचा लाभ कोणता, असे विचारणे गैर नव्हे. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालची कमलबस्ती, स्तवनिधी, बाहुबली हा यात्रेकरूंसाठी एका दोरीत ओवता येण्यासारखा मार्ग आहे. आंबोली, सावंतवाडी व गोव्याकडे जाणारा प्रवासीही आपल्याच दारावरून जातो. ज्याची वाट सुलभ तो थांबतो; जो थांबतो तो जेवतो, राहतो व खरेदी करतो.

म्हणून आपल्या संघटनेने पुढील तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. दोन्ही महामंडळांस संयुक्त निवेदन देऊन बेळगाव–निपाणी–कोल्हापूर या एकाच मार्गावर सामाईक कार्डाचा प्रयोग मागावा. सर्वत्र एकदम नको. सवलतींची वाटणी व खंडित प्रवासाचा परतावा यांचे नियम कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत बसस्थानकावर लावण्याचा आग्रह धरावा. आणि कार्डात पैसे भरून देण्याचे काम आपल्या दुकानांनी पत्करावे. गावातील माणूस बँकेच्या पायरीस बिचकतो, पण वाण्याच्या दुकानात तो रोज येतो. त्या कामात दलाली अल्प मिळेल. परंतु रक्कम चोख भरली जाते आणि पावती हाती पडते, हा विश्वास लोकांस आपणच देऊ शकतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमीअधिक मापाची गणना झाली आहे. तागडीच्या बाबतीत आपण जी दक्षता बाळगतो, तीच या नव्या मापातही बाळगावी.

निवेदनाचा मसुदा येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा व त्यावर सभासदांनी, विशेषतः नित्य प्रवास करणाऱ्या भगिनींनी, आपल्या सूचना लेखी द्याव्यात, ही विनंती.